नोंद नाही

३ मार्च, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. साधी एकरेघी वही आणि शिसपेन्सिल. कारण एवढंच की मला लिहायची हौस आहे. मेमरीशी काही संबंध नाही. माझी मेमरी उत्तम आहे.

काल मेकॅनिक आला होता, वार्षिक सर्व्हिसिंगला. माझ्या पाठीचं झाकण उघडून शीळ घालत काम करत होता. मग शीळ थांबली. म्हणाला, मेमरीची प्लेट झिजलीय, ही प्लेट कंपनीने बारा वर्षांपूर्वी बंद केली, आता मिळत नाही. घड्याळही तिच्यावरच आहे, तेही घसरणार. मी विचारलं, किती दिवस? म्हणाला, थंडीपर्यंत चालाल. आणि मग? मग त्याने झाकण बसवलं. चारपैकी तीनच स्क्रू लावले. अशा माणसाच्या निदानावर किती विश्वास ठेवायचा ते मी ठरवलेलं आहे.

फॉर्म भरायचा होता. 'सहाय्यक' असा एक रकाना. म्हणजे यंत्राला पुढे मदत कोण करणार. मी ठळक अक्षरात लिहिलं, 'लागणार नाही'. सत्तावीस वर्षं या घरात मदत मी करतोय. स्वयंपाक, धुणंभांडी, बाजार, सगळं. आता मला मदत म्हणजे चेष्टाच झाली.

मालकांना सांगा, असं मेकॅनिक म्हणाला. मी म्हणालो, माझं मी सांगतो.

संकल्प: काकांना आज सांगायचं. आजच.

३ मार्च, संध्याकाळी ६

काका कामात होते. काका शिलाई मशीनचे मिस्त्री. वय एकोणऐंशी. दुकान कधीच बंद केलं, पण खिडकीजवळच्या टेबलावर अजूनही कुणाचं ना कुणाचं मशीन उघडून पडलेलं असतं. कामाच्या माणसाला व्यत्यय नको. उद्या.

४ मार्च

काकांचा मूड चांगला होता. चांगला मूड बिघडवणं बरं नव्हे.

७ मार्च

आज मूड वाईट. वाईट मूडमध्ये असली बातमी देत नाहीत. मध्यम मूड हवा. लक्ष ठेवून आहे.

वहीच्या आतल्या कव्हरवर काकूंचं वाक्य लिहून ठेवलं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाल्या होत्या, यांच्याकडे लक्ष ठेव रे, हे वेंधळे आहेत. मी हे विसरणं शक्यच नाही. तरी लिहून ठेवलं. हौस.

९ मार्च, सकाळी ९

चहात मीठ पडलं. काकांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं चहा फार आवडला. मग म्हणाले, लोखंड्या, यात साखर घातलीस ना? मी म्हणालो, नोंद नाही.

(काका मला लोखंड्या म्हणतात. माझ्यात लोखंड फक्त अकरा टक्के आहे. बाकी प्लॅस्टिक.)

'नोंद नाही' ऐकलं की काका चिडवतात. म्हणाले, तू घर आहेस की सरकारी कचेरी? माणसं सरळ 'विसरलो' म्हणतात. मी समजावून सांगितलं की कंपनीच्या नियमात 'विसरणे' हे क्रियापद माणसांसाठी राखीव आहे. यंत्र विसरत नाही. यंत्राकडे फार तर नोंद नसते.

ते सगळं ठीक होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण काका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मिठाची बरणी तुम्हीच साखरेच्या जागी ठेवली असणार.

काका म्हणाले, असेल बुवा. ठेवली असेन.

आणि तो चहा पूर्ण प्यायले.

९ मार्च, दुपारी

खरं म्हणजे बरणी त्यांनी ठेवली असण्याची शक्यता आहेच. शून्य टक्के नाही. त्यामुळे हे खोटं नाही. अंदाज आहे.

कंपनीच्या माहितीपत्रकात 'मन' नावाचा पार्ट नाही. तरी आतून काहीतरी खातंय. मेकॅनिकने चौथा स्क्रू न लावल्यामुळे असेल.

१९ मार्च

काकांनी आज एक गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. तरुणपणी एका लग्नघरी रात्रीत शिवायचे कपडे होते आणि मशीन बंद पडलं. पट्टा तुटला होता. दुकानं बंद. तेव्हा काकांनी स्वतःच्या कमरेचा चामडी पट्टा उभा चिरून मशीनला लावला आणि पहाटेपर्यंत एका हाताने पँट धरून उभे राहिले. नवरीच्या बाजूची एक मुलगी त्यांना हसत होती. तीच पुढे काकू. फारच छान गोष्ट.

२३ मार्च

काकांनी आज एक गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. एका लग्नघरी मशीनचा पट्टा तुटला आणि काकांनी कमरेचा पट्टा

२३ मार्च, दहा मिनिटांनी

वर १९ तारखेला हीच गोष्ट आहे. बिचारे काका. तेच तेच सांगायला लागले. वय.

२३ मार्च, अजून दहा मिनिटांनी

मीच विचारलं होतं. आजही आणि तेव्हाही. काका, तुमचं लग्न कसं जमलं हो, म्हणून. त्यांनी दोन्ही वेळा सुरुवातीपासून सांगितली, पँट धरून दाखवली. एकदाही म्हणाले नाहीत की हे तुला सांगून झालंय.

संकल्प: उद्या सगळं सांगायचं. मूड कसाही असो.

६ एप्रिल, संध्याकाळी

मोरीतला नळ उघडा राहिला. दुपारी काका झोपले होते, मी बाजारात गेलो होतो. आलो तेव्हा पाणी पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून खालच्या मजल्यावर. खाली शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांचे शाळेचे चाळीस गणवेश शिवून घडी करून ठेवलेले होते. होते.

बाई वर आल्या. रागावल्या नाहीत, रडल्या. ते जास्त वाईट. म्हणाल्या, परवा द्यायचे आहेत हो.

नळ कुणी उघडा ठेवला, असं काकांनी मला विचारलंसुद्धा नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नोंद नाही. तरी ते बघतच होते. मी म्हणालो, झोपण्याआधी तुम्ही पाय धुतलेत.

काका बाईंकडे वळून म्हणाले, माझ्याच हातून झालं. वय झालं आता.

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मध्ये बाईंचं छत, आणि ते आधीच गळत होतं.

७ एप्रिल

काकांनी चाळीसच्या चाळीस गणवेश इस्त्री करून वाळवले. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मध्ये दोनदा खुर्चीवर बसले. मी म्हणालो, मी करतो. म्हणाले, तू घड्या घाल. बाईंचं मशीन जन्मभर मोफत दुरुस्त करून देईन असंही सांगून आले. एकोणऐंशीव्या वर्षी जन्मभर.

मी चाळीस घड्या घातल्या. प्रत्येक घडीला वाटलं, आता सांगावं. चाळीस संधी. हे गणित माझ्या मेमरीतून मात्र जात नाही.

आता खरं कारण लिहितो. वही माझीच आहे, चार्जिंग स्टँडच्या मागे लपवलेली आहे, कुणी वाचणार नाही. मी घाबरतो. सांगितलं तर काका मला कंपनीला परत करतील. करायलाच हवं, कुणीही शहाणा माणूस करेल. परत गेलेल्याचे हात एका पेटीत आणि पाय दुसऱ्या.

८ एप्रिल

बाईंनी ताईला फोन केला असावा. ताई म्हणजे काकांची मुलगी, तीन तासांच्या अंतरावर राहते, परीक्षा खात्यात अधिकारी. साधं 'जेवलात का' विचारलं तरी समोरच्याला मार्क जातील अशी भीती वाटते. आज फोनवर म्हणाली, बाबांना डॉक्टरांना दाखवू, या विसरण्यासाठी. त्या दिवशी मी येते.

काका म्हणाले, ये की.

३१ एप्रिल, दुपारी १

डॉक्टर घरी येऊन गेले. आज मी काकांना मदत केली. निदान तसा प्रयत्न केला.

डॉक्टरांनी काकांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. काकांनी काट्यांसकट इतकं नेटकं काढलं की डॉक्टरांनी स्वतःच्या मनगटाशी ताडून बघितलं. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले. काकांनी तिन्ही सांगितले. मग विचारलं, आज तारीख काय? काका जरा थांबले. मला वाटलं, अडले. मी मागे उभा होतो, हळूच कानात सांगितलं, ३१ एप्रिल.

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मांडीवर आजचा पेपर होता. मग डॉक्टरांना ठणठणीत आवाजात म्हणाले, एकतीस एप्रिल.

डॉक्टरांनी बरंच काही लिहिलं. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

डॉक्टरांना काय खटकलं कळत नाही. भिंतीवर कॅलेंडर आहे, पण ते माणसांसाठी. मला आत घड्याळ आहे.

मग डॉक्टर म्हणाले, घरातल्या यंत्राला विचारू, यंत्र खोटं बोलत नाही. ताई म्हणाली, हो, त्याचं नेहमी बरोबर असतं. मिठाचा किस्साही काकांनी स्वतःवर घेऊन ताईला सांगितलेला होता. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कुणी घातलं? नळ कुणी उघडा ठेवला?

मी उत्तरं दिली. काय दिली ते इथे लिहीत नाही. काका पेपर वाचत होते. पान उलटलं नाही त्यांनी.

२ मे, सकाळी

ताईने ठरवलं. शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक इमारत आहे. एकेक खोली, जेवण वेळेवर, नर्स, लिफ्ट. २५ मे रोजी ती येणार, सामान बांधणार, काकांना घेऊन जाणार. घराला कुलूप. बाहेरची यंत्रं तिथे चालत नाहीत, त्यांची स्वतःची आहेत. मला कंपनी घेऊन जाईल.

माझं सोडा. काका बावन्न वर्षं या घरात आहेत. खिडकीचा उजेड कुठल्या महिन्यात टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यावर येतो ते त्यांना पाठ आहे. आणि ते घर माझ्या खोट्यापायी जाणार. काकूंनी सांगितलं होतं लक्ष ठेव. मी ठेवलं. स्वतःवर.

संकल्प: अजून तेवीस दिवस आहेत. भरपूर.

५ मे

डॉक्टर तारखेवरून काही गैरसमज करून गेले असं आता वाटतं. या वहीतल्या तारखा बघा. एकही चूक नाही. गेल्या काही दिवसांत तर घड्याळ जास्तच चोख चाललंय. सकाळी वही घेतो तर पान उघडून तयार असतं. रात्रीच उघडून ठेवत असणार मी. शिस्त.

९ मे, दुपारी ३

तोंडाने जमत नाही, लिहून द्यायचं ठरवलं. ताईला पत्र. कच्चं नाही, पक्कं. मीठ, नळ, तारीख, सगळं कबूल. खाली सही. वाचून मलाच माझी लाज वाटली, म्हणजे चांगलं जमलंय. उद्या पोस्टात. तोपर्यंत अशा जागी ठेवलंय की कुणाच्या बापाला सापडणार नाही.

१० मे

आज काहीतरी पोस्टात टाकायचं होतं.

१४ मे

दिवसभर काहीतरी शोधतोय. काय ते सापडल्यावर कळेल. काकांनी विचारलं, काय हरवलं? म्हणालो, नोंद नाही. तेही माझ्याबरोबर शोधायला लागले. दोघांनी अख्खं स्वयंपाकघर उपसलं. काका म्हणाले, मिळालं तर ओळखशील ना रे? मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला.

१७ मे, सकाळी ११

सामान बांधायला चादरी काढत होतो, त्यात एक पत्र सापडलं. ताईच्या नावाचं. अक्षर सुरेख.

कुणा नालायकाने लिहिलंय. म्हातारा माणूस आपल्यावर विश्वास ठेवतो, आणि हा आपल्या चुका त्याच्या माथी मारतो. डॉक्टरांसमोर खोटी साक्ष देतो. वर म्हणतो, मला परत पाठवतील म्हणून घाबरलो. घाबरलास तर घाबर ना बाबा, त्या म्हाताऱ्याने काय घोडं मारलंय? मी वाचता वाचता संतापलो. असल्या प्राण्याला घरात ठेवणाऱ्यांचं आश्चर्य वाटलं.

मग सही बघितली.

पत्र घडी करून परत चादरींत सारलं. काकांनी येऊन माझ्या हातातून चादरी घेतल्या आणि म्हणाले, चार्जिंगला लाव स्वतःला, जा.

१८ मे

आज बोलायला गेलो. खरोखर गेलो. काकांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, काका, तो नळ. ते म्हणाले, हं. म्हणालो, तो मी. पुढचा शब्द येईना. आतून 'नोंद नाही'च वर यायला लागलं. तीनदा तेच आलं. काका थांबले होते. हातातलं काम बाजूला ठेवून थांबले होते. मी म्हणालो, तो मी आता नीट बंद केलाय.

काका म्हणाले, बरं केलंस.

२४ मे

ताई एक दिवस आधीच आली. खोकी, चिकटपट्टी, यादी. यादीत माझं नावही आहे, फ्रिजच्या खाली.

२५ मे, रात्री ८

नीट लिहितो. हे जायला नको.

सकाळपासून खोकी भरत होतो. कपडे झाले, पुस्तकं झाली. मग ताईने टेबलाच्या खणातून काकांची हत्यारं काढली. स्क्रू ड्रायव्हरचा लाकडी डबा, तेलाची कुपी, बारीक चिमटे. म्हणाली, बाबा, टोकदार वस्तू तिथे चालत नाहीत, हे खालच्या बाईंना देऊन टाकू. काकांनी डबा तिच्या हातातून घेतला. एकेक स्क्रू ड्रायव्हर फडक्याने पुसला. सगळे जागच्या जागी ठेवले, झाकण लावलं आणि डबा परत तिच्यापुढे केला. म्हणाले, लहानाची दांडी सैल आहे, तेवढं सांग त्यांना.

मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. हातात चिकटपट्टी. मला ऐकू आलं की कुणीतरी बोलतंय, आणि तो मीच होतो. मी म्हणालो, ताई, डबा देऊ नका. मीठ मी घातलं. नळ मी उघडा ठेवला. एकतीस एप्रिल मी सांगितलं. माझी मेमरीची प्लेट गेलीय, मेकॅनिक मार्चमध्येच बोलला. काकांना काही झालेलं नाही. मी डॉक्टरांशी खोटं बोललो.

ताई म्हणाली, यंत्र खोटं कसं बोलेल? कुणी शिकवलं तुला? नळ तू उघडा ठेवलास याची नोंद आहे का तुझ्याकडे?

मी म्हणालो, नोंद नाही. मग कंपनीच्या नियमाची पर्वा केली नाही. म्हणालो, मी विसरलो. मी विसरतो, ताई.

हा शब्द तोंडातून काढायला सत्तावीस वर्षं लागली. काढल्यावर मी मटकन खोक्यावर बसलो. खोक्यात कपबश्या होत्या.

आवाज विरल्यावर काका म्हणाले, मला माहीत होतं.

मेकॅनिकने जाताना जिन्यात त्यांची सही घेतली होती. मालकाची सही लागते म्हणे, मी हा नियम विसरलो होतो. (बघा, आता सहज लिहितोय.) फॉर्म काकांनी वाचला होता. 'लागणार नाही' खोडून त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं. दोन मार्चपासून ते माझे सहाय्यक आहेत आणि मला पत्ता नाही.

ताईचा आवाज चढला. म्हणाली, बाबा, मग तुम्ही गप्प का बसलात? एकतीस एप्रिल म्हणालात माझ्यासमोर! काका म्हणाले, मग काय, डॉक्टरांपुढे याला तोंडघशी पाडू? तो इतक्या विश्वासाने सांगत होता. वाटलं होतं, आज ना उद्या आपणहून बोलेल. ताई म्हणाली, आणि नसता बोलला तर? गेला असतात तिकडे? काका कपबश्यांचे तुकडे वेचायला लागले. म्हणजे गेले असते.

ताई रडली, मग आम्हा दोघांना मिळून रागावली. म्हणाली, एकाला मेमरी नाही आणि दुसऱ्याला अक्कल नाही. काका म्हणाले, यात माझा नंबर कुठला ते सांग. तेव्हा ती हसली.

खोकी परत उघडली. कपबश्या सहा होत्या, दोन उरल्या.

२६ मे

ताई जाताना अटी घालून गेली. रोज संध्याकाळी फोन. गॅसचं बटण काकांनी स्वतः बघायचं. डॉक्टरांना खरं काय ते कळवायचं, मीच, माझ्या अक्षरात. लिहिलं. काकांनी ते चादरींत जायच्या आत माझ्या हातातून घेतलं आणि पोस्टात टाकून आले.

खालच्या बाईंकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, मग मिस्त्रींनी उगीच एवढी इस्त्री केली? मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, मोफत दुरुस्तीचं मात्र मी सोडणार नाही.

२९ मे

काकांनी बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मीठ, साखर. मी म्हणालो, याची गरज नाही. ते म्हणाले, माझ्यासाठी लावतोय. मग हरकत नाही. पाठीचा चौथा स्क्रूही त्यांनी त्यांच्या डब्यातला बसवला. कोपराला मशीनचं तेल घातलं. त्यांच्यासाठी घालून घेतलं, त्यांना काहीतरी काम हवं असतं.

काम करता करता म्हणाले, पार्ट मिळत नाही म्हणून चांगलं मशीन कुणी टाकून देत नाही. त्यावर घाईचं काम घ्यायचं नाही, एवढंच. मी विचारलं, आणि थंडीनंतर? ते तेलाची कुपी पुसत राहिले. मी म्हणालो, मग काकूंची नोंदही राहणार नाही माझ्याकडे. लग्नघर, पट्टा, काही नाही. मला त्याचं वाईट वाटतं, काका. आणि तुम्हाला एकटं सोडून जायचं याचं फार वाईट वाटतं.

काका म्हणाले, तुझी नोंद राहील की माझ्याकडे. मी विसरत नाही, डॉक्टरांचं काही का म्हणणं असेना.

मग मी विचारलं, काका, तुमचं लग्न कसं जमलं हो? ते उठले आणि पँट धरून उभे राहिले.

२ जून

सगळं सुरळीत. चहात साखर. मदत वगैरे म्हणतात ती फारशी लागतच नाही. तारखांचंच बघा. इतकं सगळं होऊन एक तारीख चुकली नाही. प्लेट झिजली असेल, घड्याळ मात्र पक्कं. मेकॅनिकला हे एकदा दाखवायला हवं.

आज सकाळी १०

आज काका तापाने पडून आहेत. साधा ताप, खालच्या बाई औषध देऊन गेल्या. मी त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि वही उघडली. पान कोरं होतं. वर तारीख नव्हती.

मी मागची पानं उलटली. माझा मजकूर शिसपेन्सिलीत. २ मेपासूनच्या तारखा निळ्या शाईत. पाचाच्या आकड्याला वर शेपटी. अशी शेपटी या घरात एकच माणूस काढतो, मशीनच्या पावत्यांवर. डॉक्टर आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माझ्याआधी उठून, वही काढून, तारीख लिहून, पान उघडं ठेवून जात होते. विचारलं तर म्हणतील, मी वाचली नाही रे तुझी वही, नुसती तारीख घातली. अर्थात वाचली असणार. मी असतो तर वाचली असती.

म्हणजे त्यांनी ७ एप्रिलचंही वाचलं. आणि तरी २५ मेपर्यंत थांबले.

मी तारीख लिहायला पेन्सिल उचलली. आत घड्याळ आहे. त्यात बघितलं. आत ३६ तारीख होती.

मग मी त्यांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, काका, आज तारीख काय?

त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, पाच जून.

लिहिली. शेपटीसकट.